तेल पाजलेल्या बॅटी

रविवार, ४ मे २००३
पिस्कॅटवे

अमेरिकेत आल्यापासून मी माझ्या हातांनी केलेल्या वस्तू: स्वयंपाकघरातली सगळी कपाटं. शोभनाचं देवघर, अक्रोडाच्या लाकडाचं, एकही खिळा न मारता. मागचा डेक. तळघरातली खोली, न्हाणीघरासकट. केदारचा पाळणा, आणि तो मोठा झाल्यावर त्याच पाळण्याच्या फळ्यांतून त्याचं अभ्यासाचं टेबल. गॅरेजमधला लेथ, मोटर टाकून दिलेल्या वॉशिंग मशीनची, बाकी सगळा माझा. मिलर्सच्या डगआउटमधला, म्हणजे खेळाडूंच्या छपरीतला, बाक. आणि या हिवाळ्यात बेसबॉलच्या सव्वीस बॅटी.

यातलं काही कुणी शिकवलेलं नाही. दहावीनंतर अमरावतीला विष्णू मिस्त्रीच्या दुकानात स्टंप आणि पाटाचे पाय कातायला होतो, पण तो शिकवायचा नाही. तो करायचा, मी बघायचो.

आज लिहायला बसण्याचं कारण बॅटीच. मिलर्स ही आमच्या गावची हौशी टीम. दिवसा नोकऱ्या करणारी पोरं संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी खेळतात. आमचा केदार कॅप्टन आहे, आणि कॅचर, म्हणजे आपल्या विकेटकीपरसारखा. लीगमध्ये आठ टीम, पहिल्या चार प्लेऑफला जातात. मिलर्स चार वर्षांत गेलेले नाहीत. या वर्षी दोन गोष्टी नव्या आहेत. एक, लीगने अल्युमिनियमच्या बॅटी बंद केल्या, फक्त लाकडी चालणार. दोन, मैदानाचं भाडं आणि कपडे ज्याच्या पैशावर येतात तो टाइल्सचा दुकानदार कोच डॉमला म्हणाला आहे की यंदा प्लेऑफ नाही तर पुढच्या वर्षी टीम नाही.

डॉमला अकरा वर्षं झाली या टीमवर. केदार सोळाव्या वर्षापासून तिथे आहे. त्याला या देशात आपलं असं जे काही वाटतं ते त्या मैदानावर आहे. हे त्याने मला सांगितलेलं नाही. मी बघतो.

बॅट कशी केली ते लिहून ठेवतो. अ‍ॅशचं लाकूड, रेषा सरळ, गाठ नाही. लांबी तेहतीस इंच. लेथवरून उतरली की वजन बत्तीस औंस; पाव औंसाचाही फरक चालवून घेत नाही. मग माझा पितळी शिक्का गॅसवर तापवून ‘मो’ हे माझ्या नावाचं पहिलं अक्षर उमटवायचं. मग तीन आठवडे जवसाचं तेल पाजायचं, जाड टोक खाली करून डब्यात उभी, जशी विष्णू मिस्त्री क्रिकेटच्या बॅटी ठेवायचा. शेवटी लाकडी हातोडीने ठोकून ठोकून अंग घट्ट करायचं. इकडे दुकानातल्या बॅटींना कुणी तेलाचा थेंबही दाखवत नाही. नुसतं व्हार्निश. म्हणून त्या मोडतात.

रविवार, ११ मे

पहिली मॅच हरलो, ७–२.

बॅटी डगआउटमध्ये रांगेने लावल्या तेव्हा पोरं जवळ येऊन हात फिरवून बघत होती. रूनी नावाचा पहिल्या बेसवरचा धिप्पाड मुलगा नाकाशी धरून म्हणाला, “स्मेल्स लाइक माय ग्रँडमाज पोर्च, मिस्टर एच.” (हिरूरकर त्याला उच्चारता येत नाही.) सगळे हसले, मीही हसलो. डॉम म्हणाला, “मो, दे आर ब्यूटिफुल.” त्याने एक उचलली, दोनदा फिरवली, आणि काही न बोलता परत ठेवली. लाकूड समजणाऱ्या माणसाला फार बोलावं लागत नाही.

तळघरातला भाडेकरू शैलेंद्र स्कोअर लिहायला येतो. पुण्याचा आहे, त्याचा प्रोजेक्ट संपला आणि कंपनीने दुसरा दिलेला नाही, म्हणून सध्या घरीच असतो. येताना गाडीत मला म्हणाला, “काका, तेल पाजल्यावर परत वजन करता का?”

म्हटलं, “तेलाला कसलं आलंय वजन? ते आत मुरतं.”

“नाही, सहज विचारलं.”

पुण्याची मुलं सहज विचारतात तेव्हा उत्तर त्यांच्या खिशात तयार असतं. मी रेडिओ लावला.

गुरुवार, २९ मे

पुन्हा हरले. मी आता चेंडू कुठे जातो याकडे नीट लक्ष दिलं आहे. सगळ्यांचे फटके उजव्या बाजूला, नाहीतर वर. उजव्या हाताने खेळणारा उशिरा मारतो तेव्हा असं होतं. म्हणजे पोरांची नजर मंद झाली आहे. मी डॉमला स्पष्ट सांगितलं की ही मुलं झोपत नाहीत नीट. तो बूट बघत “कुड बी, मो” म्हणाला. शिस्त लावणं त्याला जमत नाही, मऊ माणूस आहे.

केदार जेवताना म्हणाला, “बाबा, दोन-तीन बॅटी विदाउट ऑइल कराल? जस्ट टु ट्राय.”

“का?”

“नो रीझन. फील वेगळा येतो का बघू.”

मी त्याला समजावलं की कोरडं लाकूड म्हणजे उघडी जखम, पहिल्याच फटक्याला चिरेल. शोभना मध्येच म्हणाली, “अहो, तो खेळतो ना, त्याला कळत असेल.” म्हटलं, खेळणं वेगळं आणि घडवणं वेगळं. केदार भात कालवत राहिला. ज्या बॅटी अजून द्यायच्या होत्या त्यांना मी आणखी एक आठवडा तेलात ठेवलं आहे. कसर नको.

त्याला टेक्ससमधल्या प्लेनोहून कुणाचा तरी फोन येतो. तिथल्या एका मोठ्या क्लिनिकचा. तो फिजिकल थेरपिस्ट आहे, न्यू ब्रन्सविकला नोकरी आहे, चांगली आहे. विचारलं तर म्हणाला, “नथिंग, बाबा. आफ्टर द सीझन.”

शनिवार, १४ जून

चार जिंकल्या, दहा हरलो. तळाला आहोत.

केदारच्या दोन्ही मनगटांना बर्फ बांधलेला असतो. म्हणतो, कॅचिंगमुळे. त्याने दिवसभर लोकांची मनगटं नीट करायची आणि घरी येऊन स्वतःची दुखवायची.

आज एक पंचविशीतला मुलगा, सेकंड बेसवाला, माझी बॅट न घेता उभा होता, दुसऱ्या टीमच्या कुणाची तरी मागून घेतलेली हातात होती. मला बघताच लाजून परत देऊन आला आणि माझी उचलली. तीन चेंडूंत बाद. मी त्याच्या पाठीवर थाप मारली. प्रामाणिक पोरगा.

गुरुवार, ३ जुलै

माझा पितळी शिक्का सापडत नाही. लेथच्या उजवीकडचा वरचा खण, त्याची जागा ठरलेली आहे. दोनदा सगळं बाहेर काढून पाहिलं. शोभना कणीक मळत होती. वर न बघता म्हणाली, “सापडेल हो. तुमच्या वस्तू जातात कुठे?”

केदारने मोटरसायकल विकली. एकवीस वर्षांचा झाला तेव्हापासून पैसे साठवून घेतलेली. म्हणतो, इन्शुरन्स परवडत नाही. बरंच झालं, मला ती कधी आवडली नाही. पण विकून आल्यावर तो ड्राइव्हवेत रिकाम्या जागेकडे बघत थोडा वेळ उभा राहिला.

शनिवार, ५ जुलै

शिक्का त्याच खणात सापडला, जिथे मी दोनदा शोधलं होतं. शोभना म्हणते चष्म्याचा नंबर वाढला असेल. सोमवारची अपॉइंटमेंट घेतली आहे. एक मात्र विचित्र, त्यावर काजळी होती. मी वापरल्यावर पुसल्याशिवाय ठेवत नाही.

लीगचा नवा नियम आला आहे, डगआउटमध्ये फक्त खेळाडू आणि कोच. केदारनेच सांगितलं. “सॉरी बाबा, इन्शुरन्सचं काहीतरी आहे.” या देशात सगळं इन्शुरन्सवर चालतं. बाक माझा, आणि बसायचं मात्र मी बाहेर.

रविवार, १३ जुलै

तीन मॅच सलग जिंकलो!

चष्म्याचा नंबर काही वाढलेला नाही, पण बॅटींचा आवाज बदलला आहे हे मला स्टँडमधूनसुद्धा कळतं. आधी थप असा यायचा, आता टक् असा येतो, सुपारी फोडल्यासारखा. विष्णू मिस्त्री म्हणायचा, बॅट पिकावी लागते. माझ्या बॅटी पिकल्या. दोन महिने लागले, इतकंच. मी केदारला गाडीत हे सगळं नीट सांगितलं, तेल रेषांमधून कसं चढतं, मग कसं बसतं. तो पुढे रस्त्याकडे बघत म्हणाला, “या, बाबा. इट टेक्स टाइम.”

मागे शैलेंद्रला खोकला आला. पाणी दिलं.

रविवार, २७ जुलै

डॉमच्या घरी मागच्या अंगणात सगळ्या टीमला जेवण होतं. आता पाचव्या नंबरवर आहोत, चौथ्यापासून हाताच्या अंतरावर. शोभनाने बटाटेवडे केले होते. रूनीने अकरा खाल्ले आणि बाराव्याच्या वेळी म्हणाला, “मिसेस एच, मॅरी मी.” शोभनाला कळलं नाही असं तिने दाखवलं, पण तेरावा वाढला.

पोरं माझ्याशी फार गोड वागतात हल्ली. कुणी खुर्ची आणून देतं, कुणी सोडा. डॉम मला बाजूला घेऊन म्हणाला, “मो, यू गॉट अ गुड सन. आय मीन इट. अ रिअल गुड सन.” त्याचे डोळे भरले होते. बियर जास्त झाली असावी. मी म्हटलं, बॅटी पण चांगल्या आहेत. तो हसला, आणि मला वाटलं त्यापेक्षा जास्त वेळ हसत राहिला, मग माझ्या खांद्याला धरून उभा राहिला.

हिवाळ्यात नोकरी सुटल्यानंतर (आमचं मशीन शॉप फेब्रुवारीत बंद पडलं, ते मी इथे लिहिलं नव्हतं) आज पहिल्यांदा मला वाटलं की हात अजून कामाचे आहेत.

शनिवार, ९ ऑगस्ट

जिंकलो. तेरा जिंकल्या, चौदा हरलो. पुढच्या शनिवारी शेवटची मॅच. जिंकलो तर चौथे.

पण मला दुसरं लिहायचं आहे.

सातव्या इनिंगमध्ये केदारची बॅट मुठीपाशी मोडली. पुढचा तुकडा गरगरत येऊन कुंपणाच्या जाळीला लागून माझ्या पायाशी पडला. बाकीचे लोक चेंडूकडे बघत होते, मी तो उचलला. गेल्या महिन्यापासून केदार मला मोडक्या बॅटी आणून देत नाही, कचऱ्यात टाकल्या म्हणतो. मला बघायचं होतं रेषा कुठे फाटली.

मोडलेली जागा पांढरी होती. कोरडी, भाताच्या काडीसारखी. नाकाशी धरली, कसलाच वास नाही. नखाने खरवडलं, वरचं तेलाचं पिवळं कागदाएवढं जाड, बोळ्याने पुसलेलं. त्यावर माझा ‘मो’. अर्धवट तापलेल्या शिक्क्याचा, म्हणून एका कडेला पुसट.

मी तो तुकडा मांडीवर ठेवून मॅच पूर्ण पाहिली. टाळ्या वाजवायच्या वेळी वाजवल्या.

रविवार, १० ऑगस्ट

सकाळी गॅरेजमध्ये गेलो. माझी एक बॅट, मे महिन्यात न दिलेली, कोपऱ्यात होती. काट्यावर ठेवली. मुठीवर माझ्याच पेन्सिलीने लिहिलेलं ३२. काटा पस्तीसच्या पुढे गेला. काटा शून्यावर आणून परत ठेवली. परत तेच.

केदारला हाक मारली. तो दारात आला, काटा बघितला, पायरीवर बसला.

“किती दिवसांपासून?” मी विचारलं.

“जुलै फोर्थच्या आधीपासून.”

“दुकानातून किती घेतल्या?”

“थर्टी. बाबा, वुई वर लूझिंग. त्या बॅटी... दे वर लाइक ट्रीज. आय ट्राइड टु टेल यू. विदाउट ऑइल करा म्हटलं होतं ना मी?”

“कारण नाही म्हणालास तेव्हा.”

“कारण सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं असतं?”

मी बॅट काट्यावरून उचलली.

“मोटरसायकल त्यासाठी विकलीस?”

त्याने होकारार्थी मान हलवली.

“डगआउटचा नियम?”

“मी बनवला.” मग घाईने म्हणाला, “गाइज वॉन्टेड टु टेल यू. मीच नको म्हटलं. यू वर सो हॅपी, बाबा. शॉप बंद झाल्यापासून तुम्ही असे... आय हॅड नॉट सीन यू लाइक दॅट.”

“हसत होते मला सगळे.”

“नोबडी लाफ्ड. रूनी, डॉम, कुणीच नाही. नॉट वन्स. दॅट्स व्हॉट आय ॲम टेलिंग यू.”

हसले असते तर सोपं झालं असतं.

मी म्हणालो ते जसंच्या तसं लिहितो. मी म्हणालो, “माझं नाव तू दुसऱ्याच्या लाकडावर मारलंस. पाठीवर जर्सीला हिरूरकर लिहिलंय ना, तेही काढून टाक. तेही माझंच आहे.”

तो उठला. त्याचा चेहरा लहानपणी पाळण्यातून पडला होता तेव्हासारखा झाला, रडण्याच्या आधी श्वास अडकतो तसा. मग तो आत गेला.

शोभना गॅरेजमध्ये आली. “शिक्का मी दिला त्याला,” ती म्हणाली. “मलाही बोला काय बोलायचं ते.” मी काटा पुसायला घेतला. ती जाताना म्हणाली, “तुमचं अक्षर उमटवून उमटवून पोराची बोटं भाजली होती.”

बुधवार, १३ ऑगस्ट

घरात तिघे आहोत आणि टीव्ही बोलतो.

शैलेंद्र वर आला होता. “काका, मला सगळं माहीत होतं यार. सॉरी, यार नाही, काका.” चहा झाल्यावर म्हणाला, “पण एक सांगू? बॅट म्हणून ती बत्तीसची असती ना, दुकानातल्यापेक्षा सरस ठरली असती. केदारपण हेच म्हणतो.”

“मग तेव्हा का नाही बोललास स्पष्ट?”

“मी विचारलं होतं, वजन करता का. तुम्ही रेडिओ लावला.”

शनिवार, १६ ऑगस्ट

जायचं नाही असं ठरवलं होतं. शोभना साडी नेसून, किल्ली हातात घेऊन दाराशी उभी राहिली, म्हणून गेलो.

जर्सीवर नाव होतं. उतरवलेलं नव्हतं. पण बॅटींवरचे सगळे शिक्के त्याने पॉलिशपेपरने घासून काढले होते. लांबूनही प्रत्येक बॅटीवर तो पांढरा डाग दिसत होता. माझ्या सांगण्याचा त्याने तेवढाच अर्धा भाग पाळला.

तिसऱ्या इनिंगपर्यंत बरोबरी. मग ते एकाने पुढे. शेवटच्या इनिंगमध्ये आमचे दोन बाद, तिसरा गेला की संपलं; दोन माणसं बेसवर, सेकंडला आणि थर्डला. एक साधा फटका मधून गेला की दोन्ही येतात, आम्ही जिंकतो, चौथे होतो, टीम राहते. बॅटिंगला केदार.

तो रॅककडे गेला. हातात धरलेली बॅट खाली ठेवली. बाकाखाली वाकला आणि दुसरी काढली. गुळाच्या रंगाची. मैदानावर तशी एकच होती. मला पस्तीस पावलांवरूनही ती ओळखू आली असती.

डॉम ओरडला, “के! नॉट दॅट वन! के!” रूनी कुंपणाला धरून उभा राहिला. शोभनाने माझ्या मनगटावर हात ठेवला. “अहो, सांगा त्याला,” ती म्हणाली. “तुमचं ऐकेल. दुसरी घे म्हणा.”

केदारने स्टँडकडे एकदा पाहिलं.

मी ओरडलो नाही. त्याचं कारण राग हे नव्हतं. त्याच्या हातात माझी बॅट बघून मला आनंद झाला. तीन महिन्यांतला सगळ्यात मोठा. तो एवढा होता की तोंडून आवाज फुटला नाही. हे इथे लिहिल्याशिवाय ही नोंद खरी होणार नाही.

पहिला चेंडू सोडला. दुसरा वेगात, आतल्या बाजूला. त्याने जीव खाऊन फिरवली. उशीर झाला, डोळ्याच्या पापणीएवढा. थप. चेंडू उंच उजवीकडे चढला, रेषेबाहेर, आणि त्यांच्या पहिल्या बेसवाल्याने जाळीजवळ, जवळजवळ आमच्यासमोर, दोन्ही हातांनी झेलला.

त्यांची पोरं धावत मैदानात आली. आमची जिथे होती तिथेच बसली. डॉमने टोपी काढून त्यात तोंड घातलं. केदार बॅट हातात घेऊन होम प्लेटवर उभाच राहिला, अंपायर मैदानाबाहेर निघून गेला तरी. मग बॅट नीट, आडवी, गवतावर ठेवली. फेकली असती तरी चाललं असतं.

रविवार, १७ ऑगस्ट

टाइल्सच्या दुकानदाराने डॉमला फोन केला. मिलर्स संपले.

मी केदारला विचारलं, “का उचललीस ती?”

तो बॅग भरत होता. “आय डोन्ट नो, बाबा. तुम्ही बघत होतात.”

रविवार, २४ ऑगस्ट

केदार प्लेनोला गेला. नोकरी मे महिन्यातच मिळाली होती, सीझन संपेपर्यंत त्याने त्यांना थांबवून ठेवलं होतं. प्लेऑफला गेलो असतो तर त्यांना आणखी थांबवणार होता, हे शोभनाकडून कळलं. त्याने मला विचारलं नाही, मीही विचारलं नव्हतं.

गाडीत शोभनाने लोणचं, तूप, भाजणी, मेतकूट, प्रेशर कुकर भरला. तो म्हणाला, “आई, प्लेनोत सगळं मिळतं. देअर इज अ होल इंडियन स्टोअर.” तरी भरलं. मी टायरमधली हवा मोजली. मागच्या उजव्यात कमी होती, भरून दिली. तेल बघितलं, वायपरचं पाणी बघितलं. वाटेत टेनेसीत रात्री थांब, एका दमात जाऊ नकोस, असं सांगितलं. हे सगळं बोलता येतं.

तो किल्ल्या हातात धरूनच वाकला. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. त्याच वेळी म्हणायला हवं होतं की नाव तुझंच आहे, माझ्याकडून तुला मिळालं म्हणून ते माझं राहत नाही. तोंडातून आलं ते, “हायवेवर उजव्या लेनमधून जा.”

“ओके, बाबा.”

गाडी कोपऱ्यावर वळताना त्याने इंडिकेटर दिला होता. रस्त्यावर कुणी नव्हतं तरी दिला.

शनिवार, २० सप्टेंबर

मधले दिवस लिहिण्यासारखे नव्हते. शैलेंद्रला प्रोजेक्ट मिळाला, तो पुढच्या महिन्यात जातो. केदार रविवारी फोन करतो, शोभनाशी बोलतो, “बाबा आहेत का?” विचारतो. मी गॅरेजमध्ये असतो. शोभना हाक मारते तेव्हा मी लेथ चालू करतो. लेथवर काही लावलेलं नसतं.

आज दुपारी एक माणूस आला. साठीचा, पांढऱ्या मिशांचा, डनेलनला खेळाच्या सामानाचं छोटं दुकान आहे म्हणाला. नाव कोवाल्स्की. त्याचा पुतण्या दुसऱ्या टीमकडून खेळतो, म्हणून त्याने जुलै-ऑगस्टमधल्या आमच्या मॅच पाहिल्या होत्या. केदारचा एक फटका, डाव्या कुंपणापलीकडे गेलेला, त्याने मला हातवारे करून पुन्हा दाखवला. “दॅट साउंड,” तो म्हणाला, “थर्टी इयर्स आय सेल बॅट्स, आय नेव्हर हर्ड दॅट साउंड.” त्याला पुढच्या सीझनसाठी बॅटी हव्या होत्या. अगदी तशाच. तोच लाकडाचा गुण, तोच आवाज, त्यावर माझं ते इंडियन अक्षर. मुलाचं नाव आणि त्याचे ऑगस्टचे रन दुकानात पाटीवर लावीन म्हणाला.

मी त्याला लेथ दाखवला, काटा दाखवला. उरलेलं लाकूड दाखवलं, सरळ रेषांचं, बिनगाठीचं. तो समजून बघत होता. लाकूड हातात घेऊन आधी वजन जोखत होता, मग रेषा बघत होता. त्याच्याबरोबर मला दोन तास बोलता आलं असतं. बिनतेलाच्या, बत्तीस औंसाच्या, मी त्याला दुकानातल्या कुठल्याही बॅटीपेक्षा चांगल्या करून देऊ शकतो. हे मला आता माहीत आहे.

पण त्याला त्या हव्या होत्या. त्या माझ्या नव्हत्या. ऑर्डर घेतो म्हटलं असतं तर केदारच्या नावाखाली पाटीवर एक खोटं लटकलं असतं आणि मी ते रोज पॉलिश केलं असतं. खरं सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत सगळ्या लीगला कळलं असतं की हिरूरकरांच्या पोराने दुकानातल्या बॅटींवर बापाचा शिक्का मारला. का मारला हे कुणी विचारलं नसतं.

“माय सन मूव्हड टु टेक्सस,” मी म्हणालो. “आय डोन्ट मेक देम एनी मोअर.”

त्याने पाकिटातून चेकबुक काढलं, अर्धे पैसे आत्ता देतो म्हणाला. मी मान हलवली. त्याने कारण विचारलं, मी चहा विचारला. चहा न घेता गेला. जाताना लाकडाच्या ढिगाकडे वळून बघत होता. शोभना स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, “कोण होतं हो?” म्हटलं, पत्ता चुकलेला माणूस.

नव्वद बॅटी, प्रत्येकी साठ डॉलर. पाच हजार चारशे डॉलर. मी नाही म्हणालो.